टॉवेल आणि रशियाचं तेल

आज एका निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्यांचं व्याख्यान ऐकून आलो. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं बहुतेक भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं, त्यातलं निम्मं आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. ते जागतिक सत्तासंतुलनावर बोलत होते, मला मात्र सोलापूरच्या अक्कलकोट रोडचे माग दिसत होते. तेल कुणीतरी घ्यायचं आणि ऑर्डर आमच्या टॉवेलची अडायची!

नंतर अर्थतज्ज्ञ बाई बोलल्या. कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क केंद्रानं त्याच महिन्यात तात्पुरतं उठवलं होतं. मागवाल्याला दिलासा, पण कापूस पिकवणाऱ्याचं काय? हे त्यांनीच विचारलं, म्हणून त्या जास्त पटल्या.

बाबांनी तीस वर्षं माग चालवला. घरी येऊन सगळं सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "मग सूत कितीनं उतरलं?"