शंखी गोगलगाय, घूस आणि जगभर फिरलेला एक कृमी

पाऊस लागला की नवी मुंबईत या शंखी गोगलगायी कुठून बाहेर पडतात देव जाणे. नेरूळला आमच्या सोसायटीच्या कुंपणावर, पपईच्या खोडावर, पार्किंगच्या भिंतीवर, जिथे बघाल तिथे त्याच. व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी ठरलेला प्रश्न, मीठ टाकायचं का. मला मात्र आज तिच्या अंगात राहणाऱ्या एका कृमीबद्दल लिहायचंय, झूलॉजी शिकताना ज्याने मला खरंच वेड लावलं तो हाच.

नाव जरा लांब आहे, अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. आपण उंदराच्या फुफ्फुसातला कृमी म्हणू. 1935 मध्ये चीनमधल्या कँटनच्या उंदरांमध्ये याचं पहिलं वर्णन झालं, म्हणून ते कँटोनेन्सिस. मोठे झालेले कृमी उंदराच्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत राहतात, अंडी तिथेच, अळ्या निघाल्या की श्वासनलिकेतून वर येऊन घशात, तिथून गिळल्या जाऊन पोटात आणि मग लेंड्यांतून बाहेर. ती लेंडी गोगलगायीने खाल्ली की अळी तिच्या अंगात वाढते, आणि ती गोगलगाय पुन्हा उंदराने किंवा घुशीने खाल्ली की अळी आधी मेंदूत जाते, तिथे थोडी मोठी होते आणि मग खाली फुफ्फुसाच्या धमनीत येते. मेंदूतून जाणारा रस्ता! उंदराला सहसा त्याचं फारसं काही होत नाही, पण माणसात किंवा कुत्र्यात ही अळी शिरली की ती मेंदूपर्यंत पोचते आणि बहुतेक वेळा तिथेच मरते, आणि त्रास सुरू होतो तो त्याने. माणसाला एक प्रकारचा मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह होतो, केरळात घोरपडीचं मांस खाल्लेल्या लोकांमध्ये अशा केसेस झाल्यात, कारण घोरपड गोगलगायी खाते आणि अळ्या तिच्या मांसात तशाच पडून राहतात.

आता खरी गोष्ट. हा कृमी मूळचा कुठला?

1960 च्या दशकात हवाईत काम करणारे परजीवीतज्ज्ञ जोसेफ अलिकाटा यांनी मांडलं होतं की शंखी गोगलगाय जशी पूर्व आफ्रिकेतून निघून पूर्वेकडे सरकत गेली तसा कृमीही तिच्यासोबत गेला. पटण्यासारखंच होतं ते. गोगलगायीचा प्रवास माहीत होता, 1847 मध्ये बेन्सन नावाच्या साहेबाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथून ती पसरत गेली, पुढे जपान्यांनी खाण्यासाठी म्हणून पॅसिफिकच्या बेटांवर नेली. पण मग जनुकं वाचता यायला लागली आणि चित्र उलटं झालं.

पेशीत मायटोकाँड्रिया, म्हणजे तिला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग असतात, त्यांचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि भराभर बदलतो, त्यामुळे त्यातलं एखादं जनुक वेगवेगळ्या देशांतल्या कृमींमध्ये वाचून तुलना केली की कोण कोणाच्या जवळचं ते कळतं. जिथे एखादा जीव फार काळापासून राहतोय तिथे प्रकार खूप सापडतात आणि जिथे नुकतेच चार जण येऊन वाढलेत तिथे एक-दोनच, जसं कोकणातल्या जुन्या गावात पाच-पन्नास आडनावं असतात पण तिथून निघालेल्या एका घराने दुसरीकडे वस्ती केली तर तिथे सगळे एकाच आडनावाचे. या कृमीचे सगळ्यात जास्त प्रकार सापडतात थायलंड, चीन या बाजूला, आफ्रिकेत नाही. म्हणजे घर आशियातच. आणि पसरवलं कोणी, तर जहाजावरच्या उंदरांनी. गोगलगायीने पुढे सोय करून दिली एवढंच, कारण तिच्या अंगात अळ्या भरपूर मावतात आणि ती माणसाच्या अंगणात राहते.

कृमी कुठे कधी सापडला त्या तारखा बघा ना. क्यूबात 1981, अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स बंदरात 1980 च्याच दशकात, स्पेनच्या कॅनरी बेटांवर 2010, आणि 2022 मध्ये थेट स्पेनच्या वॅलेन्सिया शहरातल्या उंदरांत. बंदरं, बंदरं आणि बंदरं. ब्राझीलमध्ये एकाहून जास्त प्रकार मिळाले, म्हणजे तिथे तो एकदाच आलेला नसावा. फक्त आईकडच्या डीएनएवर सगळं सोडून चालत नाही हेही खरं, थायलंडमध्ये याचा आणि याच्या मलेशियातल्या भावाचा, अँजिओस्ट्राँगायलस मलेसिएन्सिसचा, संकर झालेला दिसलाय आणि असा संकर फक्त मायटोकाँड्रिया वाचून पकडता येत नाही, केंद्रकातलीही जनुकं लागतात.

आणि आपल्याकडे? 1982 मध्ये मुंबईच्या उंदीर-घुशींमध्ये हा कृमी असल्याचं छापून आलंय. तेव्हा न्हावा-शेवा बंदर सुरूही झालं नव्हतं, ते 1989 चं. आज खाडीच्या या बाजूला रोज हजारो कंटेनर उतरतात, नाल्यांत घुशी आहेत, शंखी गोगलगायी आहेत, कृमीला लागतं ते सगळं एकाच जागी आहे. म्हणून मला मनापासून वाटतं की इथल्या कृमींचे नमुने जगाच्या नकाशावर पाहिजेत.

कुत्री पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र लगेचची. ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेन आणि सिडनीत, कुत्र्यांमध्ये आणि त्यातही पिल्लांमध्ये हा आजार ओळखीचा आहे. मागचे पाय लटपटतात, पाठीला हात लावला की ओरडतात. पावसाळ्यात असं दिसलं तर व्हेटला गोगलगायीचं आवर्जून सांगा, आणि जंताचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, कारण मेंदूतल्या अळ्या एकदम मेल्या तर सूज वाढू शकते. गोगलगायी उचलताना हातमोजे घाला, पालक-कोथिंबीर एकेक पान सुटं करून धुवा, गोगलगायींची बारकी पिल्लं देठात बसलेली असतात. मिठाबद्दल विचाराल तर बादलीत मिठाचं पाणी करून त्यात टाका, झाडाच्या मुळाशी मीठ नको.

नमुन्यांचं म्हणाल तर ते वाटतं तेवढं अवघड नाही. गोगलगायीच्या पायाचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला तरी पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढणाऱ्या चाचणीने, त्यात कृमीचा डीएनए शोधता येतो, मूषक नियंत्रणात मेलेल्या घुशी तर आयत्याच मिळतात. उरण, वाशी, ठाण्याची खाडी, येऊरचा पायथा, असे वेगवेगळ्या जागचे घेतले आणि सगळीकडे एकच प्रकार निघाला तर तो अलीकडे जहाजातून आलेला पाहुणा असण्याची शक्यता जास्त, थायलंडच्या प्रकारांशी जुळला तर कुठल्या दिशेने आला तेही कळेल, आणि प्रकार भरपूर निघाले तर तो इथे कधीपासून नांदतोय याचा हिशोब नव्याने मांडावा लागेल.