किती वेळ बघत होतात तुम्ही?

"तुम्ही किती वेळ बघत होतात आम्हाला?"

त्याने लग्नाचं विचारलं, अंगठी घालून झाली, रडून हसून झालं, मी कॅमेरा घेऊन झाडामागून पुढे आले आणि तिने मला पहिलं हेच विचारलं. रागात नाही, अगदी सहज. पण रात्र झाली तरी डोक्यातून जात नाहीये.

वीस मिनिटं बघत होते मी. लपून फोटो काढायचं त्याच्याशी सगळं आधीच ठरलं होतं, बागेतला कुठला बाक, सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ कारण तेव्हा उजेड मऊ आणि तिरपा येतो, गुडघ्यावर बसताना माझ्याकडे पाठ करायची नाही, अंगठीची डबी हाताने झाकायची नाही. ७०-२०० लेन्स (लांबचं जवळ आणणारी झूम) असली की लांबून काम होतं, शटर सायलेंट ठेवलं, स्पीड १/५०० सेकंद, म्हणजे हालचाल धूसर येत नाही, कारण अशा वेळी माणसं अचानक हलतात आणि रिटेक नसतो.

फोटो खरंच सुंदर आलेत. पण मला सगळ्यात आवडलेला त्याआधीचा आहे. तो पाणी आणायला गेलाय आणि ती एकटीच, चप्पल काढून, पाय गवतावर घासत बसलीये. कुणी बघत नाहीये असं वाटत असतानाचा तिचा चेहरा.

तो फोटो मी त्याच्या फोल्डरमध्ये टाकला नाही. तिलाच वेगळा पाठवला, ठेवायचा की डिलीट करायचा ते तुम्ही ठरवा म्हटलं. लग्नाचं तिला विचारलं गेलं, फोटोंचं कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

अजून उत्तर आलं नाहीये. तुम्ही तिच्या जागी असता तर काय वाटलं असतं?