आमची वाटचाल: पट्ट्यापासून बॉलस्क्रूपर्यंत

वेंगुर्ल्यात घराच्या पडवीत आमचं काम सुरू झालं ते पट्ट्यावर चालणाऱ्या लहान सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणाऱ्या मशीनवर. आज तिथंच बॉलस्क्रूचं (पट्ट्याऐवजी आट्यांच्या दांड्यावर सरकणारं), दीड किलोवॉट स्पिंडलचं (बिट म्हणजे कापणारं हत्यार फिरवणारी मोटर) मशीन आहे. कामं तीच: गणपतीची मखरं, देव्हाऱ्याच्या जाळ्या, नावाच्या पाट्या.

गिऱ्हाइकाला वाटतं, कॉम्प्युटर कापतो. तो फक्त जी-कोड, म्हणजे कुठं सरकायचं त्याचे हुकूम पाठवतो. मशीनचा कंट्रोलर त्याचे विजेचे ठोके करून सरकवणाऱ्या मोटरला देतो. ही स्टेपर मोटर, पावलापावलाने फिरणारी; तिचा एक फेरा २०० पावलांचा. मोटर चालवणारा ड्रायव्हर एका पावलाचे ८ तुकडे करतो, झाले १६००. एका फेऱ्यात आमचा स्क्रू ५ मिमी सरकवतो, म्हणून मिलिमीटरला ३२० ठोके. सेटिंगमध्ये तिथं ३१७ भरलं, की १०० मिमीची पाटी ९९ची होते.

मोटर खरंच सरकली का, हे मात्र कंट्रोलरला कळत नाही. बिट फणसाच्या गाठीत अडकून मोटर अडखळली, तरी तो मोजतच राहतो आणि पुढची सगळी नक्षी बाजूला जाते. पट्टा सैल झाला की हेच. लाइट गेली की मोजणीच पुसली जाते. म्हणून होमिंग स्विच हवेतच: आधी होमिंग, म्हणजे मशीन स्विचला टेकवून ठरलेल्या जागी आणायचं, मग जॉबचा शून्य, म्हणजे काम जिथून मोजायचं तो बिंदू. हाताने अंदाजे शून्य धरला असेल, तर ते शीट गेलं समजा.

सागाला ६ मिमीचं दोन धारांचं बिट, १८,००० आरपीएम, दर धारेला ०.०५ मिमीचा काप, गुणाकार केला की बिट सरकायचा वेग मिनिटाला १८०० मिमी. लाकडावरून एकदा जाताना खोली ३ मिमी. नवशिके घाबरून हा सरकायचा वेग उतरवतात. मग बिट कापायचं सोडून घासतं, कड काळी पडते, धारही जाते. भुसा चिमटीत धरून बघा: रवाळ हवा, पीठ नको.

मखरांचा हंगाम नेमका भर पावसात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेलं शीट, ओल पितं. ६ मिमीच्या शीटवर जुलैत व्हर्नियर ६.३ दाखवतो. त्यामुळे एक शीट दुसऱ्यात बसवायची खाच ड्रॉइंगच्या आकड्यावर कापत नाही. त्या सकाळी शीट मोजायचं, त्यात ०.१ मिळवायचा, आधी एक खाच तुकड्यावर कापून बसवून बघायची. कामाखाली मशीनच्या बेडवर अंथरलेलं एमडीएफही फुगतं, तेव्हा वरून अर्धा मिमी साफ करून घ्यावं लागतं.

गणपतीत मशीन बंद. आदल्या रात्री मशीन ज्यावर सरकतं त्या लोखंडी रेल्सना मशीन ऑइलचा हात लावायचा राहिला, तर खाऱ्या हवेत सहाव्या दिवशी तांबूस ठिपके दिसणारच.