रीफ टाकीच्या सम्पसाठी रिटर्न पंप निवडताना

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे रीफ टाकीत, खालच्या सम्पमधले (गाळणी असलेल्या दुसऱ्या टाकीतले) पाणी पुन्हा वर चढवतो तो रिटर्न पंप. तो विकत घेताना बहुतेक जण खोक्यावर ठळक छापलेला ‘लिटर प्रतितास’ हा आकडा पाहतात, आणि नेमका तोच प्रवाह घरी कधीच मिळत नाही. तो आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी मुळीच वर चढवायचे नसतानाचा असतो. आपला पंप मात्र टाकीखालच्या कपाटातल्या सम्पमध्ये बसून चोवीस तास मीटर-सव्वा मीटर उंचीवर पाणी ढकलत असतो.

उदाहरणादाखल १२० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरची टाकी घेऊ. तिच्यात काठोकाठ २४३ लिटर पाणी मावते. सम्पमधून तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरावे, हा रूढ अंदाज मला पटतो. म्हणजे येथे हजार लिटरच्या आसपासचा प्रवाह पुरेसा आहे. प्रवाळांना हवी असलेली जोरदार खळबळ वेव्हमेकरने (टाकीतच बसवलेल्या, पाणी घुसळणाऱ्या वेगळ्या पंपाने) निर्माण करावी. ते काम रिटर्न पंपावर टाकले, तर ओव्हरफ्लोचा (टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या वाटेचा) आवाज वाढतो, सम्पमधले बुडबुडे टाकीत येऊ लागतात आणि वीज विनाकारण खर्च होते.

उंची मोजताना पंपापासून नव्हे, तर सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतचे उभे अंतर घ्यावे आणि त्यात प्रत्येक एल्बो (पाइपाचे वळण), व्हॉल्व्ह व पाइप यांच्या घर्षणाची भर घालावी. समजा, हे अंतर १.२ मीटर भरले आणि घर्षणासह हिशेब १.५ मीटरवर गेला. ‘२००० लिटर, कमाल उंची २ मीटर’ असे छापलेला पंप येथे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येईल, कारण कमाल उंची म्हणजे ज्या उंचीला प्रवाह शून्य होतो ती उंची. तेवढ्याच प्रवाहाचा, पण कमाल उंची साडेतीन मीटर असलेला पंप हेच काम सहज करतो. म्हणून उत्पादकाने उंची आणि प्रवाह यांचा आलेख दिला नसेल, तर तो पंप मी विचारातही घेत नाही. पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधीही नसावा, आणि प्रवाह कमी करायचाच असेल, तर व्हॉल्व्ह बाहेर जाणाऱ्या बाजूला बसवावा. ओढणाऱ्या बाजूची वाट अडवल्यास पंपाची झीज होते. जोडणी झाल्यावर पाइपाचे तोंड टाकीच्या पाण्याच्या पातळीशी धरून त्याखाली बादली ठेवावी: दहा लिटर भरायला ३६ सेकंद लागले, तर प्रवाह तासाला हजार लिटर आहे.

एसी की डीसी, या प्रश्नात माझा कल डीसीकडे आहे. त्याचा वेग कमी-जास्त करता येतो, आवाज बहुधा कमी असतो आणि इन्व्हर्टरवर तो मंद वेगाने चालवून बॅटरी अधिक वेळ पुरवता येते. विजेची गुळगुळीत लहर (प्युअर साइन वेव्ह) न देणाऱ्या इन्व्हर्टरवर एसी पंप गुरगुरतो आणि तापतो. डीसीचा कंट्रोलर बिघडला, तर सगळेच थांबते, ही त्याची उणीव खरी आहे. त्यासाठी एक साधा एसी पंप घरात राखून ठेवावा. वॅटचा आकडाही पाहावा. ४० वॅटचा पंप वर्षभरात सुमारे ३५० युनिट वीज घेतो, आणि पाण्यात बुडवलेला असल्यास त्यातली जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. पुण्या-नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत पाणी २६ अंशांवर राखणाऱ्या चिलरवर हा भार नको.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, पंप बंद पडल्यावर काय होईल याचा विचार विकत घेण्यापूर्वीच करावा. वीज जाताच टाकीतले पाणी रिटर्नच्या पाइपातून उलटे सम्पमध्ये उतरू लागते आणि पाइपाचे तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही. आपल्या टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली, की ५.४ लिटर पाणी खाली येते. तोंड दोन सेंटीमीटर खोल असेल, तर सुमारे ११ लिटर. दहा सेंटीमीटर असेल, तर ५४ लिटर, आणि शिवाय पाइपातले व ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले पाणी वेगळेच. तेवढी जागा सम्पमध्ये नेहमी रिकामी हवी. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर मी विसंबत नाही, कारण चुन्याचे थर साचले, की तो नीट मिटत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपाला एक छिद्र पाडावे, म्हणजे त्यातून हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो, आणि ते शेवाळाने बुजू देऊ नये.

कूलरचा किंवा कारंज्याचा स्वस्त पंप खाऱ्या पाण्यात वापरू नये. शाफ्ट (पंपातला दांडा) सिरॅमिकचा असावा आणि पाण्याला तांब्याचा स्पर्शही होऊ नये, कारण ते प्रवाळांना व कोळंबीला विषारी ठरते. जोडणीत युनियन (फिरवून सोडता येणारा जोड) बसवली, की पंप सहज सुटतो. मग दर तीन-चार महिन्यांनी तो पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये काही तास चालवावा, इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते पाते) काढून ब्रशने घासावा आणि साध्या पाण्याने धुऊन पुन्हा बसवावा.