परीक्षक तिघं, मग चालतं एकाचंच कसं?

एकांकिका स्पर्धांत गुणांची जुळवाजुळव माझ्याकडे असते, त्यामुळे निकालानंतर कुणीतरी गाठून विचारतंच, "तिघांचे गुण सारखेच धरता ना? मग एकाच्याच मनासारखा निकाल कसा लागतो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

वजन सारखं असतं ते कागदावर. समजा, पहिल्या परीक्षकाने 'अ'ला 78 आणि 'ब'ला 75 दिले, दुसऱ्याने 76 आणि 74. दोघांच्या मते 'अ' सरस. तिसऱ्याला 'ब' निवडून आणायची आहे. तो 'ब'ला 70 देतो आणि 'अ'ला सरळ 52. बेरीज करा: 'अ' 206, 'ब' 219. झालं काम! नियम कुठलाच मोडला नाही. बाकीचे दोघं भिडस्तपणे दोन-तीन गुणांचा फरक करत बसले, याने 18 गुणांचा केला.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने हे 1907 मध्येच लिहून ठेवलंय: सरासरी काढली की जो जितका विक्षिप्त, त्याच्या मताला तितकं वजन मिळतं. त्यापेक्षा आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, असं त्याचं म्हणणं. आपल्या उदाहरणात मधले आकडे 76 आणि 74, म्हणजे 'अ' जिंकते.

मग काही हुशार आयोजक सुचवतात, "जो फार वेगळे गुण देईल त्याचं वजन कमी करू." ऐकायला छान. पण दोघांनी मेकअप रूममध्ये चहा पिता पिता आधीच ठरवलं असेल, तर वेगळा पडतो तो प्रामाणिक तिसरा, आणि वजनही त्याचंच कापलं जातं. कंपूपुढे मधला आकडाही हात टेकतो.

2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या फिगर स्केटिंगचं सुवर्ण नऊ परीक्षकांच्या 5-4 अशा कौलाने रशियन जोडीला गेलं. आपल्यावर दबाव होता असं फ्रेंच परीक्षक आधी म्हणाली, नंतर तिने ते फिरवलं. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं. पुढे गुणपद्धतच बदलली. आता सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळतात.

"अमुक सर ज्येष्ठ आहेत, त्यांचे गुण दीडपट धरा" हेही चालेल, पण ते पहिल्या घंटेआधी लिहून द्या. गुणपत्रिका हातात आल्यावर ज्येष्ठता आठवली, तर मी ऐकत नाही. आणि प्रत्येक परीक्षकाचे गुण नावानिशी फलकावर लावा म्हणते. त्यावर आयोजक म्हणतात, "मग परीक्षक कोण येणार?"