पाण्यावर माग काढायला शिकताना

उत्तर कॅलिफोर्नियात राहायला आल्यापासून दर उन्हाळ्याच्या तोंडावर एकच बातमी वाचत आले. अंगाची लाही होते म्हणून कोणीतरी 'अमेरिकन रिव्हर' नावाच्या नदीत उतरतं आणि वर येत नाही. बाहेर रणरणतं ऊन, पण नदीत वाहतं ते सिएरा नेवाडाच्या डोंगरांवरचं वितळलेलं बर्फ. बुडणाऱ्यांत कधी भारतातून शिकायला आलेली मुलंही असतात. ते वाचून नुसतं हळहळत बसणं मला सोसेना, म्हणून मी काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, शोध-बचाव पथकात अर्ज केला.

इथे माणूस हरवला की शोधायची जबाबदारी शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची. पण प्रत्यक्ष पायपीट करणारे बरेचसे लोक बिनपगारी असतात. शिक्षिका, सुतार, नर्स, माझ्यासारखे आयटीवाले. पेट्रोल आपलं, बूट आपले आणि बहुतेकदा कुत्रंही घरचंच.

अर्जानंतर मुलाखत, मग बोटांचे ठसे, मग फेमाचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचे, ऑनलाइन कोर्स: आयएस-100, 200, 700. ते फुकट आहेत आणि रटाळही. पण घटनास्थळी हुकूम कोणाचा चालतो आणि निरोप कोणाकडे द्यायचा हे त्यातूनच अंगवळणी पडतं. पुढे सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून करायचा प्रथमोपचार), नकाशा-होकायंत्र, वायरलेस. यात कित्येक महिने गेले.

पाण्याच्या प्रशिक्षणात पहिला धडा होता पाण्यात न उतरण्याचा. आधी काठावरून हात किंवा काठी पुढे करायची, नाहीतर दोरीची थैली फेकायची, नाहीतर बोट न्यायची. उडी सगळ्यात शेवटी, आणि तीही तयारीच्या माणसाने. कॅनडाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांचा 1-10-1 नियम तिथेच कळला. बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास आवरायला लागतं, पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि बेशुद्ध व्हायला साधारण 1 तास लागतो. म्हणजे लोक गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बुडतात. पाण्याचा पहिला चटका बसताच तोंड आपोआप उघडून श्वास आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पट्टीचा पोहणाराही जातो. लाइफ जॅकेट त्या पहिल्या मिनिटात तोंड वर ठेवतं. मराठी मंडळाच्या प्रत्येक उन्हाळी सहलीत हे सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

नंतर मला श्वानपथकाबरोबर दिलं. बुडालेला माणूस कुत्र्याला पाण्यातून कसा कळतो, हे मी डोळ्यांनी पाहीपर्यंत मला खरं वाटत नव्हतं. शरीरातून सुटणारे वायू आणि तेलकट अंश वर येतात, पृष्ठभागावर पसरतात आणि तिथून वाऱ्यावर जातात. वर येता येता प्रवाह त्यांना वाहून नेतो, वर आल्यावर वारा. देवघरातल्या उदबत्तीचा वास कधी ओसरीवर जास्त येतो, तसंच. त्यामुळे कुत्रं दाखवतं ती वासाची जागा. माणूस बहुतेकदा तिथून प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतो.

बोटीच्या नाकाशी एक काळी लॅब्राडोर, अंगात पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट. मागे तिची हँडलर, म्हणजे तिला शिकवणारी आणि सांभाळणारी बाई, आणि तिच्या बाजूला मी, हातात टाल्कम पावडरची बाटली. ती दाबायची आणि पावडर कुठे उडते ते पाहून वारा सांगायचा, एवढंच माझं काम. वाऱ्याला आडवी, अगदी संथ चाललेली बोट. इंजिनाचा धूर कुत्रीच्या नाकाशी येऊ न देणं हे चालवणाऱ्याचं कसब. बराच वेळ ती नुसती बसून होती. मग मान एकदम वळली, नाकपुड्या भराभर हलू लागल्या, ती काठावरून इतकी ओणवी झाली की हँडलरने मूठ धरली, आणि तिने पाण्याचाच चावा घेतला. तो सराव होता, वासाचा नमुना पाणबुड्याने खाली ठेवलेला. तरी माझ्या अंगावर काटा आला.

खऱ्या शोधात ती जागा जीपीएसवर नोंदवतात आणि गप्प राहतात. दुसरं कुत्रं, दुसरी हँडलर, त्यांना पहिल्याचं काही सांगायचं नाही. दोघांच्या खुणा जवळ आल्या तरच तिथे सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) आणि पाणबुडे जातात.

पहिल्या खऱ्या शोधात मला बोटीत जागा नव्हती. मुलगा मराठी होता, म्हणून मला काठावर त्याच्या मित्रांजवळ बसवलं. फोनवर त्याची आई. तिकडे मध्यरात्र. तिने विचारलं, "ताई, कुत्र्याला काही कळलं का?" बोटीतून खूण मिळाल्याचं मी वायरलेसवर ऐकलं होतं. पण खात्री झाल्याशिवाय कुटुंबाला काही सांगायचं नाही आणि खोटी आशाही द्यायची नाही, हा नियम. मी म्हटलं, "काकू, शोध चालू आहे. मी इथेच आहे. जे पक्कं कळेल ते तुम्हाला इथले अधिकारी सांगतील, मी मराठीत समजावेन." प्रशिक्षणात याहून अवघड काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांना तो सापडला, दोन्ही खुणांपासून प्रवाहाच्या थोडा वरच्या अंगाला. घरच्यांना त्याला गावी नेता आलं. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो सरोवराच्या गार, खोल पाण्यात 1994 मध्ये हरवलेला एक पाणबुड्या थेट 2011 मध्ये सापडला होता. त्या घराने काढलेल्या वर्षांचा विचार करते तेव्हा कंटाळवाणे कोर्स, पावडरची बाटली, सगळं सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

कुत्रं-हँडलरची जोडी प्रमाणपत्रापर्यंत पोचायला दीड-दोन वर्षं सहज जातात. मी माझं पिल्लू नुकतंच आणलंय. तोवर आमच्यासारख्या पथकांना बोट चालवणारे, वायरलेस सांभाळणारे, सरावासाठी झाडीत तासन् तास लपून बसणारे हवेच असतात. हिंदी, मराठी, तेलुगू बोलणारे तर फारच हवेत. आपल्या काउंटीच्या शेरीफ कार्यालयात चौकशी करा.