खिडकीतला पिवळा ठिपका

नाकातले पॉलिप, म्हणजे आत वाढलेले मऊ गोळे, काढायचं हत्यार बनवणं हे गेली सहा वर्षं माझं काम आहे. डॉक्टर त्याला डेब्रायडर म्हणतात, आमच्या भोसरीच्या टूलरूममध्ये ते नुसतं 'ब्लेड'. खरं तर ती नळीत नळी आहे. बाहेरची ४ मिलिमीटर व्यासाची, स्थिर, टोकाजवळ कडेला लांबट खिडकी असलेली. आतली नळी मिनिटाला ५००० फेऱ्यांपर्यंत उलटसुलट फिरते, तिलाही तशीच खिडकी. आतून सक्शन चालू असतं. दोन्ही खिडक्या समोरासमोर आल्या की मऊ टिश्यू आत ओढला जातो, आतली नळी पुढे सरकली की कापला जातो आणि सलाइनबरोबर वाहून जातो.

म्हणजे काय कापायचं हे धार ठरवतच नाही, ओढ ठरवते. पॉलिप पाण्याने फुगलेला, लिबलिबीत, तो लगेच आत येतो. हाड येत नाही. जॅक अर्बन यांनी १९६९ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्या नावातच 'व्हॅक्यूम' होतं. आधी कानाच्या नसेवरच्या गाठी, मग गुडघा, आणि १९९४ च्या सुमारास सेटलिफ आणि पार्सन्स या डॉक्टरांमुळे नाक, असा त्याचा प्रवास झाला. मला हे सगळं पाठ होतं. तरी पहिली दोन वर्षं माझं लक्ष धारेवरच होतं. वायरकटवर, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, दाते कसे काढायचे, दोन नळ्यांमधला क्लिअरन्स किती मायक्रॉन ठेवायचा, यातच दिवस जात. क्लिअरन्स वाढला तर टिश्यू कापला न जाता फटीत ओढून फाटतो, त्यामुळे ते कामही फुकट नव्हतं. पण अर्धंच होतं.

आमचा नमुना पहिल्यांदा देहावर वापरून बघायचा दिवस ठरला. फॉर्मलिनमध्ये टिश्यू कडक होतो, म्हणून गोठवून जपलेला, देहदानातून आलेला देह होता. सुरुवातीला सगळे हात जोडून मिनिटभर उभे राहिले. टेबलावरचा माणूस कोण होता ते मला माहीत नाही. त्याच्या घरच्यांनी होकार दिला नसता तर पुढचं काहीच आम्हाला कळलं नसतं.

पहिला अर्धा तास छान गेला. चाचणी घेणाऱ्या सर्जन मॅडमनी पडद्याकडे बघत ब्लेड चालवलं, कुठे चोंदलं नाही. मी खुशीत होतो. मग त्या म्हणाल्या, "सरळ कामात सगळीच हत्यारं चांगली वाटतात. माझ्या हातून चूक झाली तर तुमचं ब्लेड कसं वागतं, ते मला बघायचंय."

नाक आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये एक हाड असतं. त्याचं लॅटिन नावच 'कागदी पापुद्रा' अशा अर्थाचं आहे. मॅडमनी त्याचा नखाएवढा तुकडा मुद्दाम काढला, आतलं आवरण उघडलं आणि बाहेरून डोळ्यावर बोट दाबलं. पडद्यावर पिवळी चरबी नाकाच्या बाजूला फुगून आली. ही खूण सर्जन ऑपरेशनमध्येही बघतात. डोळा दाबल्यावर नाकात काही हललं, तर त्या हाडाला भोक पडलंय.

त्यांनी ब्लेडची खिडकी चरबीजवळ नेली, पेडल क्षणभर दाबलं आणि लगेच पाय उचलला. मोटर थांबली. पण आतली नळी जिथे थांबायची तिथेच थांबली, खिडकी अर्धी उघडी. सक्शन चालूच. पडद्यावर तो पिवळा ठिपका खिडकीत धरलेला दिसत होता, आणि मॅडमचा हात हलला की मागची चरबी दोरीसारखी ताणली जात होती.

"सक्शन तोडा!"

मी नळी दोन बोटांनी दुमडली. काही झालं नाही. चरबी तशीच. दुमडलेल्या जागेपासून टोकापर्यंतची हवा अजून खेचलेलीच होती.

"दुमडू नका, काढा! नळी काढा!"

मी नळी हँडलवरून उपसली. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि चरबी अलगद सुटली.

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी चरबी बाजूला करून थोडं आतलं दाखवलं. डोळा आत वळवणारा स्नायू तिथे होता. मागे जाऊ तसा तो भिंतीजवळ येतो, मधली चरबी कमी होते. "हा खिडकीत आला असता," त्या म्हणाल्या, "तर पेशंटला आयुष्यभर एकाचे दोन दिसले असते." माझ्या हातात ती नळी तशीच होती.

परतताना वाटेत मी वहीत एकच प्रश्न लिहिला: थांबायचं म्हणजे नेमकं काय व्हायला हवं? खिडकी बंद करणं हे पहिलं उत्तर सुचतं, पण ते चुकीचं. बंद होता होता ती आत असेल ते कापते. आधी ओढ गेली पाहिजे, तीही नळी आवळून नाही, हवा आत सोडून. टिश्यू सुटायला थोडा अवसर द्यायचा, मग नळी हळू फिरवून खिडकी मिटायची. दुसऱ्या दिवशी टूलरूममधल्या काकांना सांगितलं तेव्हा ते धारेचं काहीच विचारेनात. "हवा घ्यायला भोक कुठे पाडू?" एवढंच म्हणाले.

हँडलमध्ये व्हॉल्व्ह बसला, आतल्या नळीची जागा कळायला चुंबक आणि सेन्सर आला. तपासायला आम्ही अंडी आणली. वरचं कवच थोडं उकलून आतला पातळ पडदा उघडा करायचा, खिडकी त्याला टेकवून सक्शन द्यायचं आणि पेडल न दाबताच थांबायचा क्रम सुरू करायचा. पहिली सगळी फुटली. व्हॉल्व्ह उघडणं आणि खिडकी मिटणं यांतला वेळ वाढवत गेलो, हवेचं भोक दोनदा मोठं केलं. शेवटी एक पडदा शाबूत राहिला. काकांनी ते अंडं दिव्यासमोर धरून बराच वेळ बघितलं.

दोन महिन्यांनी मॅडमनी पुन्हा तीच चाचणी घेतली. टोक चरबीला टेकवलं, सक्शनने ती खिडकीत घेतली, क्रम सुरू झाला. चरबी सुटली, खिडकी मिटताना बारीकसा 'टक' आवाज आला. तो आवाज बंद करायचं माझ्या यादीत होतं. मॅडम म्हणाल्या, "तो राहू दे. माझे डोळे पडद्यावर असतात, मला तो ऐकू यायला हवा."